रिपीटर ऐकू येतो पण आपला आवाज जात नाही? अँटेना जुळवायची कशी

आमच्या सोसायटीतला एक पोरगा, नुकतंच हॅम रेडिओचं लायसन्स हातात आलेलं, व्हीयू३ वाला, म्हणजे त्याचा कॉलसाइन (रेडिओवरचं नाव) व्हीयू३ ने सुरू होतो, एका रविवारी सकाळी हँडी, म्हणजे वॉकी-टॉकीसारखा हातातला सेट, घेऊन दारात उभा. म्हणाला, "काका, रिपीटर मस्त ऐकू येतोय, लोकं गप्पा मारतायत, मी दोन दिवस हाका मारतोय आणि कुत्रंही विचारत नाही." त्याने भारीतला अँटेना मागवला होता, डब्यावर "१३६ ते १७४, ४०० ते ५२०" असं छापलेलं, म्हणजे त्याच्या मते सगळंच कव्हर झालं होतं. हा लेख त्याला जे समजावलं तेच जरा सविस्तर लिहून काढलंय, कारण दर महिन्याला कोणीतरी नवीन माणूस हाच प्रश्न विचारतो आणि दर वेळी तेच तेच बोलून माझा घसा दुखतो.

एक गोष्ट आधीच सांगतो, लायसन्स नसेल तर ऐका, वाचा, परीक्षेला बसा, पण पीटीटी, म्हणजे सेटवरचं बोलायचं बटण, दाबू नका. हे फक्त नियम म्हणून नाही, रिपीटर एकाच वेळी एकाचंच ऐकतो, तुम्ही चुकून दाबून बसलात की पन्नास-शंभर किलोमीटरातल्या सगळ्यांचं बोलणं बंद.

आधी रिपीटरच्या दोन फ्रिक्वेन्सी कागदावर लिहा

रिपीटर म्हणजे डोंगरावर किंवा उंच बिल्डिंगवर बसवलेला एक सेट, जो एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतो आणि त्याच क्षणी दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर जोरात ओरडून सांगतो. तुमच्या हँडीच्या स्क्रीनवर जी दिसते ती त्याची ओरडायची, म्हणजे आउटपुट. तुम्ही पीटीटी दाबल्यावर तुमचा सेट गुपचूप दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर जातो, ती त्याची ऐकायची, म्हणजे इनपुट. दोघांमधल्या अंतराला ऑफसेट म्हणतात. टू मीटर बँडवर, म्हणजे आपल्याकडे १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ (हाच व्हीएचएफ), हा ऑफसेट ६०० किलोहर्ट्झ असतो आणि बहुतेक ठिकाणी मायनस. उदाहरणासाठी आपण आउटपुट १४५.७५० धरू, तर इनपुट १४५.१५०. पुढचा सगळा हिशोब ह्याच जोडीवर करतो, तुम्ही तुमच्या गावच्या रिपीटरचे आकडे घाला, ते तिथल्या क्लबच्या कुठल्याही जुन्या माणसाला विचारलं की मिळतात.

यूएचएफवर, म्हणजे वरच्या ७० सेंटीमीटर बँडवर, गंमत वेगळी आहे. अमेरिकेत ७० सेंटीमीटर बँडवर ५ मेगाहर्ट्झ ऑफसेट चालतो, आणि बरेच चायनीज सेट आणि यूट्यूबवरचे व्हिडिओ तेच गृहीत धरतात, पण आपल्याकडे हॅमना ४३४ ते ४३८ एवढीच पट्टी आहे, चारच मेगाहर्ट्झ, त्यात ५ चा ऑफसेट बसणारच कसा. त्यामुळे व्हिडिओ बघून आकडे टाकू नका.

तिसरी गोष्ट लिहायची ती टोन. बऱ्याच रिपीटरना सीटीसीएसएस टोन लागतो, ८८.५ हर्ट्झ वगैरे, तो तुमच्या आवाजाच्या खाली हळूच गुणगुणत असतो आणि तो नसेल तर रिपीटर तुमच्याकडे ढुंकूनही बघत नाही. इथे नवीन माणूस फसतो, टोन टाकलेला नसतो आणि शिव्या अँटेनाला. आमच्या पोराचं पण मी पहिलं तेच बघितलं. बाओफेंगची यूव्ही-५आर हँडी असेल तर मेनू १३ मध्ये ट्रान्समिटचा टोन, २५ मध्ये ऑफसेटची दिशा, २६ मध्ये ऑफसेट किती ते. त्याचं सगळं बरोबर होतं, म्हणून मग अँटेनाकडे वळलो.

हे वेगळं काढायचा सोपा उपाय म्हणजे सेट घेऊन अशा जागी जा जिथून रिपीटरचा डोंगर डोळ्यांनी दिसतो, तिथून आपला कॉलसाइन बोलून एकदा पीटीटी सोडा. रिपीटर उघडला तर सोडल्यावर एक-दोन सेकंद त्याची शेपटी ऐकू येते, मग खट्ट करून बंद होतो. समोर डोंगर दिसतोय, बॅटरी फुल आहे आणि तरी खट्ट येत नाही, म्हणजे टोन किंवा ऑफसेट चुकलाय, अँटेनाचा दोष असायची शक्यता फार कमी. तिथून उघडतो आणि घरून उघडत नाही, तर मग पुढचं वाचा.

ऐकू येतं मग जात का नाही

ह्याचं उत्तर लोकं भलतंच देतात, म्हणे अँटेना रिसिव्हला चालतो पण ट्रान्समिटला नाही. तसं नसतं. अँटेना जेवढं खातो तेवढं दोन्ही बाजूंनी सारखंच खातो. फरक पॉवरचा आहे. समजा रिपीटर २५ वॉटचा आणि तुमची हँडी ५ वॉटची, पाच पट फरक, म्हणजे ७ डीबी. त्याचा आवाज तुमच्यापर्यंत भरपूर शिल्लक ठेवून पोचतो, त्यातलं अर्धं अँटेनाने खाल्लं तरी एफएम असल्यामुळे तुम्हाला स्वच्छच ऐकू येतं. तुमचा आवाज मात्र काठावर असतो, त्यातलं अर्धं गेलं की संपलं. वर मोबाइल सेट असेल, म्हणजे गाडीत लावायचा मोठा, तर अँटेना जुळत नसला की तो स्वतःला वाचवायला पॉवर आपोआप कमी करतो, म्हणजे दुष्काळात तेरावा महिना.

म्हणून रिपीटर ऐकू येतो ह्यावरून अँटेना बरोबर आहे असं कधीच समजायचं नाही.

डब्यावरची रेंज आणि खरी रेंज

"१३६ ते १७४" हे जे छापलेलं असतं ती बऱ्याचदा सेटची रेंज असते, अँटेना विकणाऱ्याने तीच उचलून छापलेली. अँटेना काय, धातूची एक काठी आहे, ती एका ठरावीक लांबीला एका ठरावीक फ्रिक्वेन्सीला गाते, तंबोऱ्याच्या तारेसारखी. आजूबाजूला थोडं चालवून घेते, पण किती थोडं हे तिच्या बनावटीवर आहे. साधी सरळ पाव वेव्हलेंथची, म्हणजे लहरीच्या लांबीच्या चौथ्या भागाएवढी, काठी बरीच उदार असते, १४५ ला लावलेली असेल तर अख्खा १४४ ते १४६ बँड हसत हसत देते, त्यामुळे ६०० किलोहर्ट्झच्या ऑफसेटची तिला दखलही नसते. हँडीबरोबर येणारा छोटा रबराचा अँटेना, ज्याला रबर डक म्हणतात, तो आत तार गुंडाळून आखूड केलेला असतो, त्याची रेंज अरुंद असते आणि एवढी मोठी ३८ मेगाहर्ट्झची पट्टी तो सारखी देऊच शकत नाही. कुठेतरी चांगला, बाकी ठिकाणी चालून जाईल इतपत.

म्हणजे टू मीटरवर इनपुट आणि आउटपुट दोन्ही कव्हर होतात का ही काळजी करायचं फारसं कारण नसतं. खरी अडचण असते ती अँटेना भलत्याच कामासाठी बनलेला असण्याची. माझ्या बघण्यातले तीन नमुने सांगतो.

पहिला, मरीनचा पांढरा फायबरग्लासचा अँटेना. मला रत्नागिरीकडच्या एका मित्राने बोटीवरून काढलेला दिला, दिसायला एकदम दणकट, मी खूश होऊन गच्चीवर चढवला. मरीन व्हीएचएफ १५६ ते १६२ च्या आसपास चालतं, त्यांचं चॅनेल १६ म्हणजे १५६.८, आणि अँटेना तिथेच ट्यून केलेला. १४५ ला एसडब्ल्यूआर, म्हणजे अँटेना किती पॉवर परत फेकतो ते सांगणारा आकडा (१ म्हणजे काहीच नाही), तीनच्या वर. दोन आठवडे मी केबलला दोष देत होतो. कोकणात असे जुने अँटेना स्वस्तात मिळतात म्हणून मुद्दाम सांगतोय, उघडून लांबी वाढवायची तयारी असेल तरच घ्या.

दुसरा, अमेरिकेतून आलेला. कोणाचा तरी भाचा न्यू जर्सीहून येताना डुअल बँड अँटेना घेऊन येतो, चांगल्या कंपनीचा, काही वाईट नाही. पण तिकडे टू मीटर १४४ ते १४८ आणि रिपीटर बरेचसे १४५ ते १४८ मध्ये, आणि यूएचएफचे रिपीटर ४४० च्या वर. त्यामुळे काही मॉडेल ४४० ते ४५० ला जुळवलेली असतात. व्हीएचएफला आपल्याकडे छान चालतात, ४३५ ला रडतात. घेण्याआधी मॉडेलच्या पुढे यूएचएफची पट्टी वाचा, ४३० ते ४४० लिहिलेलं असेल तर डोळे झाकून घ्या.

तिसरा, वायफायचा. हसू नका. राउटरचा अँटेना हँडीला बसतो का म्हणून बघणारे आहेत. तो २.४ गिगाहर्ट्झचा, ह्याच्याशी काही संबंध नाही, आणि त्याचा कनेक्टर दिसायला हँडीच्या एसएमए कनेक्टरसारखा असला तरी मधली पिन उलटी असते. तशीच भानगड हँडींची, बाओफेंगला सेटवर पिनवाला कनेक्टर असतो, यासू आणि आयकॉमच्या बऱ्याच हँडींना भोकवाला, म्हणून अँटेना मागवताना सेटचं नाव सांगूनच मागवा.

आता मोजायचं

मोजल्याशिवाय जुळवणं म्हणजे अंधारात सुई ओवणं. दोन साधनं आहेत, एसडब्ल्यूआर मीटर आणि नॅनोव्हीएनए, म्हणजे प्रत्येक फ्रिक्वेन्सीला एसडब्ल्यूआर किती ह्याची रेष स्क्रीनवर काढणारं छोटं यंत्र. माझं मत विचाराल तर सरळ नॅनोव्हीएनए घ्या, मीटर फक्त सांगतो की जुळत नाही, नॅनो सांगतो की कुठे जुळतंय, आणि आपल्याला नेमकं तेच हवंय. क्लबमध्ये कोणाकडे तरी असतोच, एका रविवारी चहा पाजून मागून आणा. मीटरच घ्यायचा असेल तर त्यावर व्हीएचएफ-यूएचएफ लिहिलंय ना बघा, ३० किंवा ६० मेगाहर्ट्झपर्यंतचा एचएफ मीटर १४५ ला काहीही आकडे दाखवतो.

नॅनोवर रेंज आधी मोठी ठेवा, १३० ते १७०. लगेच १४४ ते १४६ लावलं तर सपाट रेष दिसेल आणि काही कळणार नाही. कॅलिब्रेशन करा, ओपन, शॉर्ट, लोड, तीन छोटे तुकडे डब्यात येतात, ज्या टोकाला अँटेना जोडणार त्याच टोकाला ते लावायचे. हे न करता घेतलेले आकडे म्हणजे बिनपाण्याची आमटी. मग अँटेना जोडा आणि एसडब्ल्यूआरची रेष बघा, कुठेतरी एक खड्डा दिसेल. तो खड्डा जिथे आहे तिथे तुमचा अँटेना गातोय. पोराच्या नव्या अँटेनाचा खड्डा कुठे होता माहितीये? १५४ ला. तो बघून त्याचं तोंड बघण्यासारखं झालं. खरं तर हँडीचा अँटेना नुसता नॅनोला लावून मोजणं तितकं बरोबर नाही, कारण हातात धरल्यावर सेट आणि तुमचं शरीर हे त्याच्या जमिनीचं काम करतं आणि आकडे हलतात, पण नऊ मेगाहर्ट्झचा फरक काही हाताने भरून निघत नाही.

आणि हो, नॅनो जोडलेला असताना सेट त्याच केबलला लावून पीटीटी दाबायचा नाही. एकदा दाबलात की नॅनो गेला.

आकडा कसा वाचायचा? एसडब्ल्यूआर १.५ म्हणजे साधारण ४ टक्के पॉवर परत येते, २ म्हणजे ११ टक्के, ३ म्हणजे २५. दीडच्या आत आलं की थांबा. १.५ चं १.१ करायला लोकं अख्खा दिवस घालवतात, त्या दिवसात अँटेना दोन मीटर वर चढवला असता तर दहापट फायदा झाला असता.

लांबीचा हिशोब, कात्री नंतर

पाव वेव्हलेंथची काठी किती लांब? ७५०० भागिले मेगाहर्ट्झ, उत्तर सेंटीमीटरमध्ये, आणि त्याला ०.९५ ने गुणा कारण धातूत जरा आखूड लागते. आपल्या जोडीचा मध्य १४५.४५०, म्हणजे ५१.६ गुणिले ०.९५, साधारण ४९ सेंटीमीटर. ४३६ ला हेच साडेसोळाच्या आत, १६.३ च्या आसपास.

कापताना नेहमी लांब ठेवा. मी ५०.५ ची काठी लावली होती, खड्डा आला १४१.२ ला. खड्डा खाली म्हणजे काठी लांब, खड्डा वर म्हणजे काठी आखूड, एवढं पाठ करा. नवीन लांबी काढायला जुनी लांबी गुणिले आलेली फ्रिक्वेन्सी भागिले हवी असलेली फ्रिक्वेन्सी, ५०.५ गुणिले १४१.२ भागिले १४५.४५, आलं ४९. म्हणजे दीड सेंटीमीटर कापायची. मी आधी एकच कापली, परत मोजलं, मग पाच मिलिमीटर कानशीने घासत घासत. टू मीटरवर एक सेंटीमीटर म्हणजे जवळजवळ तीन मेगाहर्ट्झ सरकतं, आणि ७० सेंटीमीटरवर नुसता एक मिलिमीटर म्हणजे अडीच मेगाहर्ट्झच्या वर, तिथे कटर घेऊन बसायचं कामच नाही, कानसच हवी.

स्वतः बनवायचा असेल तर सगळ्यात सोपा ग्राउंड प्लेन. एक एसओ-२३९ सॉकेट, चौकोनी, चार कोपऱ्यांत भोकं असलेलं, पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपास किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला सहज मिळतं. मधल्या पिनेला ४९ सेंटीमीटरची उभी काठी सोल्डर करा, चार भोकांना चार काठ्या स्क्रूने, त्या थोड्या लांब, ५२ सेंटीमीटर. काठ्यांसाठी पितळी वेल्डिंग रॉड उत्तम, नाहीतर इलेक्ट्रिकच्या दुकानातली जाड तांब्याची तार. ७० सेंटीमीटरचा करायचा असेल तर सायकलच्या आऱ्यासुद्धा पुरतात. चार काठ्या आडव्या ठेवल्या तर अँटेनाचा इम्पीडन्स ३६ ओहमच्या आसपास येतो, त्या ४५ अंशात खाली वाकवल्या की पन्नासच्या जवळ, आपली केबल पण पन्नासची, जुळलं. छत्रीच्या काड्यांसारखा आकार येतो, आणि खरंच मोडक्या छत्रीच्या काड्यांचा बनवलेला मी पाहिलाय.

एक योगायोग लक्षात ठेवण्यासारखा आहे, १४५ गुणिले ३ म्हणजे ४३५. त्यामुळे टू मीटरची पाव वेव्हची काठी ७० सेंटीमीटरला पाऊण वेव्हची होते आणि तिथे पण खड्डा दाखवते. मीटर खूश होतो, पण तिथे लहरींचा मोठा भाग आकाशाकडे तिरपा जातो आणि डोंगरावरच्या रिपीटरला उरतं ते थोडंच. एसडब्ल्यूआर चांगला आला म्हणजे लहरी बाहेर पडून हव्या त्या दिशेला गेल्या असं नाही, डमी लोडचा, म्हणजे अँटेनाच्या जागी लावायच्या पन्नास ओहमच्या रेझिस्टरचा, एसडब्ल्यूआर पण १ असतो आणि त्यातून काहीच बाहेर जात नाही.

गाडीवर लावायचा मॅग्नेटचा अँटेना घरात वापरत असाल तर त्याला खाली लोखंडी पत्रा लागतो, साधारण अर्धा मीटर चहूबाजूंनी. तसाच टेबलावर ठेवलात तर जुळणारच नाही. पोराने स्वयंपाकघरातली मोठी परात आणली, तिला मॅग्नेट चिकटेचना, चांगल्या स्टीलला चिकटत नाही. शेवटी गोदरेजच्या कपाटावर ठेवला आणि खड्डा सुबक १४५ वर आला, आई ओरडली ती वेगळी. हँडीसाठी असाच एक उपाय आहे, ४९ सेंटीमीटरची वायर घेऊन अँटेनाच्या कनेक्टरच्या बाहेरच्या धातूला अडकवायची आणि खाली लोंबती सोडायची, शेपटीसारखी. दिसायला हास्यास्पद दिसतं, पण काठावरचा रिपीटर उघडायला मदत करतं.

केबल खोटं बोलते

हा भाग नीट वाचा, कारण इथे भले भले फसतात. आरजी-५८ ही बारीक काळी केबल स्वस्त आणि सगळीकडे मिळते. १४५ ला ती शंभर मीटरला २० डीबीच्या आसपास खाते, म्हणजे वीस मीटरला चार. चार डीबी म्हणजे पाच वॉटमधले दोनच वर पोचले. ४३५ ला वीस मीटरमध्ये सात डीबीच्या आसपास, म्हणजे पाच वॉटमधला एकच.

एवढंच असतं तर ठीक होतं. पण परत येणारी पॉवरही त्याच केबलमधून येते आणि येताना परत खाल्ली जाते, त्यामुळे खाली बसवलेल्या मीटरला ती कमी दिसते. हिशोब करून बघा, वर अँटेना जोडलेलाच नाही, टोक उघडं आहे, तरी वीस मीटर आरजी-५८ च्या खालच्या टोकाला १४५ ला एसडब्ल्यूआर सव्वादोन-अडीच दिसेल, आणि ४३५ ला दीडच्या आसपास! म्हणजे अँटेना वाऱ्याने पडून शेजारच्या गच्चीत गेला असेल तरी तुमचा मीटर सांगणार, सगळं छान चाललंय. म्हणून पहिलं माप नेहमी अँटेनाच्या बुडाशी, छोट्या जंपरने घ्या, मग खाली येऊन घ्या, आणि खालचा आकडा वरच्यापेक्षा फारच चांगला दिसला तर खूश होऊ नका, केबल बदला. दहा मीटरच्या वर असेल तर आरजी-२१३ किंवा एलएमआर-४०० ही जाड, कमी खाणारी केबल घ्या. केबलमध्ये वाचवलेले पैसे अँटेनात घालणारे खूप बघितले, उलटं करणारा क्वचितच.

गच्चीवर चढवताना

रिपीटरचे अँटेना उभे असतात, तुमचा पण उभाच हवा. यागी लावत असाल, म्हणजे माशाच्या काट्यासारखा दिशा धरणारा, तर त्याचे काटे उभे, टीव्हीच्या जुन्या अँटेनासारखे आडवे नाही. आडवा लावलात तर सहज २० डीबी गेले, म्हणजे शंभरातला एक भाग उरला.

उंचीचं महत्त्व सांगायला एक हिशोब. उंचीच्या मीटरचं वर्गमूळ गुणिले ४.१२, हे रेडिओचं क्षितिज किलोमीटरमध्ये. सिंहगड समुद्रसपाटीपासून १,३१२ मीटर, पुण्याच्या जमिनीपासून धरला तर साडेसातशेच्या आसपास उंच, म्हणजे तेवढ्या उंचीवरून एकशेतेराच्या आसपास किलोमीटरपर्यंत मोकळ्या सपाटीवर नजर पोचते, दूरदर्शनचा टॉवर तिथे उगाच नाही. पण मध्ये दुसरी डोंगररांग आली की सगळा हिशोब बाजूला, मुळशीच्या दरीत बसून कितीही एसडब्ल्यूआर जुळवा.

महावितरणच्या तारांपासून लांब, अँटेना पडला तरी तारेवर पडणार नाही एवढं अंतर. कनेक्टरला आधी सेल्फ अमॅलगमेटिंग टेप, ताणून ताणून, वर साधी काळी टेप. एम-सील लावणारे आहेत, मी पण लावायचो, पण नंतर उघडायला छिन्नी लागते. केबल घरात शिरण्याआधी खाली एक लोंबता झोल सोडा म्हणजे पाणी तिथून टपकेल, नाहीतर ते केबलच्या अंगावरून थेट सेटपर्यंत येतं. मे महिन्यातल्या वळवाच्या पावसात विजा चमकायला लागल्या की केबल सेटमधून काढून खिडकीबाहेर.

स्वतःचा रिपीटर लावायचा बेत असेल तर

क्लबवाल्यांसाठी थोडक्यात. तिथे एकाच अँटेनातून ऐकायचं आणि बोलायचं एकाच वेळी, म्हणून मध्ये डुप्लेक्सर, म्हणजे दोन फ्रिक्वेन्सी एकमेकींपासून वेगळ्या ठेवणारा फिल्टर, लागतो. २५ वॉट म्हणजे ४४ डीबीएम, आणि रिसिव्हर ऐकतो ते उणे १२० च्या आसपास, दोघांत एकशेसाठच्या वर डीबीचा फरक, आणि दोघं शेजारी शेजारी बसलेले. कानात कोणी ओरडत असताना मैलभरावरची कुजबुज ऐकायची असा प्रकार आहे. बाजारात मिळणारे छोटे सपाट डुप्लेक्सर पाच मेगाहर्ट्झच्या अंतरासाठी असतात, ते ६०० किलोहर्ट्झला चालत नाहीत, कितीही स्क्रू फिरवा. त्याला मोठे कॅव्हिटी लागतात, अर्ध्या मीटरहून उंच धातूचे नळकांडे, चार किंवा सहा. आणि ते पन्नास ओहमचा अँटेना गृहीत धरून जुळवलेले असतात, त्यामुळे अँटेना इनपुट आणि आउटपुट दोन्हींवर चांगला नसेल तर डुप्लेक्सरही बिघडल्यासारखा वागतो. युजरच्या गच्चीवर दीडचा एसडब्ल्यूआर चालतो, इथे मी १.३ च्या वर जाऊ देत नाही.

आकाशातलाही एक रिपीटर आहे, आणि तो मात्र अँटेनाची खरी परीक्षा घेतो. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरचा, त्याला बोलायचं १४५.९९० वर, ६७ हर्ट्झ टोन टाकून, आणि ऐकायचं ४३७.८०० वर. म्हणजे इनपुट एका बँडला आणि आउटपुट दुसऱ्या, इथे अँटेना दोन्ही बँडला खरोखर जुळलेला लागतो, डब्यावर छापलेला नाही.

पोराने शेवटी छत्रीच्या आकाराचा ग्राउंड प्लेन बनवला, बारा मीटर आरजी-२१३, बुडाशी एसडब्ल्यूआर १.३. मी त्याला वहीत लिहून ठेवायला लावलं, तारीख, खड्डा कुठे, १४५.१५० ला किती, १४५.७५० ला किती, बुडाशी किती आणि खाली किती. जूनचा पहिला जोरदार पाऊस पडून गेला की परत मोजायचं, आणि तेव्हा खड्डा सरकलेला किंवा खालचा आकडा अचानक "सुधारलेला" दिसला तर टेप सोडून कनेक्टर उघडायचा, आत पाणी सापडेल.